लाल चौकटीतला ‘ध’चा ‘मा’

जानेवारी १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात सहा ज्यूरींपुढे एका परिच्छेदाचा निवाडा झाला. तो परिच्छेद फेब्रुवारी १९८३ मध्ये ‘टाइम’ या अमेरिकी वृत्तसाप्ताहिकाच्या मुखपृष्ठकथेत छापून आला होता. विषय भीषण होता. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला या निर्वासित छावण्यांत लेबनॉनच्या ख्रिस्ती फलांजिस्ट टोळ्यांनी शेकडो पॅलेस्टिनींची कत्तल केली होती. फलांजिस्टांचा नेता बशीर जमायेल याची हत्या होऊन दोनच दिवस झाले होते. मधल्या काळात इस्रायलचे संरक्षणमंत्री एरियल शेरॉन जमायेल कुटुंबाच्या सांत्वनाला गेले होते. त्या भेटीत शेरॉन यांनी सूड घेण्याच्या गरजेविषयी चर्चा केल्याचे समजते आणि त्याचा तपशील कत्तलीच्या चौकशी आयोगाच्या गुप्त परिशिष्टात आहे, असे ‘टाइम’ने छापले. शेरॉन यांनी पाच कोटी डॉलरचा दावा लावला. त्या सुनावणीत वार्ताहराने मूळ पाठवलेली टिपणी बाहेर आली. तिच्यात ‘चर्चा’ हा शब्द नव्हता. त्यांची सुडाची गरज आपण समजतो अशी भावना शेरॉन यांनी समोरच्यांच्या मनात निर्माण केली, एवढेच वार्ताहराने कळवले होते. जेरुसलेमची टिपणी न्यूयॉर्कच्या टेबलावर पोचली आणि मनात निर्माण झालेल्या भावनेची तोंडी चर्चा झाली. परिशिष्टात तर तसे काही नव्हतेच. मजकूर बदनामीकारक आहे आणि खोटाही आहे, असे ज्यूरींनी ठरवले. मात्र खोटे ठाऊक असून जाणूनबुजून छापल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून भरपाईचा दावा फेटाळला गेला. जाता जाता, साप्ताहिकाच्या काही माणसांनी निष्काळजीपणा केला, हेही ज्यूरींनी नोंदवून ठेवले.

‘ध’चा ‘मा’ होणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आख्यायिका खरी असो वा नसो, एका अक्षराच्या फेराने ‘धरावे’चे ‘मारावे’ होते ही गोष्ट आपल्या भाषेत कायमची वस्तीला आली आहे. ‘टाइम’चा शंभर वर्षांचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. या साप्ताहिकाला मते होती, पूर्वग्रह होते, मालकाचा आग्रह होता, ही तक्रार जुनी आहे आणि माझ्या लेखी ती दुय्यम आहे. मत असणे हा वृत्तपत्राचा दोष नव्हे. दोष तेव्हा येतो, जेव्हा साक्ष देणारा एक असतो, ती साक्ष बदलणारा दुसरा असतो आणि वाचकाला दोघांतला फरक दिसूच दिला जात नाही. ‘टाइम’ने जगाला बातमी थोडक्यात, नीटनेटकी आणि गोष्टीसारखी वाचायला शिकवले. त्याचबरोबर साक्ष आणि निवाडा एकजीव करण्याची रीतही शिकवली. पहिल्या देणगीबद्दल आपण त्याचे ऋणी असावे. दुसरीपासून सावध राहण्याची गरज आज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

ही रीत जन्मापासूनची आहे. ब्रिटन हॅडन आणि हेन्री ल्यूस हे येल विद्यापीठातले दोन मित्र. विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र चालवून तयार झालेले. ओळखीपाळखीच्या श्रीमंतांकडून सुमारे ८६ हजार डॉलर जमवून ३ मार्च १९२३ रोजी त्यांनी पहिला अंक काढला. किंमत पंधरा सेंट. मुखपृष्ठावर प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती जोसेफ कॅनन. दोघेही पंचविशीच्या आसपासचे, आणि त्यांच्याकडे वार्ताहर नव्हते. रोजची वृत्तपत्रे, त्यातही ‘न्यूयॉर्क टाइम्स’, समोर घ्यायची, कात्रणे काढायची, देश, परदेश, कला, धर्म, विज्ञान, व्यापार असे रकाने पाडायचे आणि आठवडाभराचा पसारा मोजक्या पानांत नव्याने लिहून काढायचा, हा त्यांचा धंदा. कामाच्या माणसाला वेळ नाही, वृत्तपत्रात मजकूर भरमसाट आहे आणि वाचून झाल्यावर डोक्यात काहीच उरत नाही, हे त्यांचे निदान अचूक होते. वाचकाने ते उचलून धरले. या यशाला आधार मात्र इतरांनी धावपळ करून गोळा केलेल्या बातमीचा होता. जो घटनास्थळी गेलाच नाही, त्याच्या लेखणीतून ती तिथे गेल्यासारखी उतरत होती. पुढे ‘टाइम’ने जगभर वार्ताहर नेमले, चांगले नेमले. पण दूर कुठे तरी घडलेले न्यूयॉर्कमध्ये बसून नव्याने लिहायचे, हा सांगाडा तसाच राहिला.

या दोघांच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अंक निघण्याआधी त्यांनी जे माहितीपत्रक काढले, त्यात आपण निष्पक्ष असल्याचा आव आणलेला नव्हता. सार्वजनिक प्रश्नांवर संपूर्ण तटस्थता शक्य नाही आणि इष्टही नाही, असे सांगून त्यांनी आपल्या कलांची यादीच दिली होती. सरकारच्या वाढत्या ढवळाढवळीबद्दल अविश्वास, सरकारी खर्च फुगण्याला विरोध, पैशाने विकत न मिळणाऱ्या गोष्टींवर श्रद्धा, जुन्या रीतींचा आदर, नव्या विचारांचे कुतूहल. इतका मोकळा कबुलीजबाब फार थोड्या वृत्तपत्रांनी दिला असेल. अडचण पुढची आहे. कबुली एका पत्रकात एकदाच दिली गेली आणि बातम्या दर आठवड्याला येत राहिल्या. १९४० साली अंक हाती घेणाऱ्या वाचकाला १९२२ चे पत्रक कुठून दिसणार? त्याला दिसत होती ती लाल चौकट, जी १९२७ पासून मुखपृष्ठाची ओळख बनली, आणि तिच्या आतला सगळे काही जाणणारा एकच आवाज.

हा आवाज घडवला हॅडनने. होमरच्या ‘इलियड’चे भाषांतर जवळ बाळगून त्यातली जोडविशेषणे तो अधोरेखित करून ठेवी, असे त्याच्याबद्दल सांगतात. माणसाच्या नावाआधी त्याच्या भुवया, डोळे, चाल यांचे विशेषण चिकटवायचे, वाक्य उलटे फिरवायचे, शेवट झटक्यात करायचा. १९३६ मध्ये ‘न्यूयॉर्कर’च्या वोल्कॉट गिब्ज यांनी या शैलीचे असे विडंबन केले की ते आजही आठवले जाते. आपला ‘पंडित’ हा शब्द ‘पंडिट’ होऊन अमेरिकी इंग्रजीत रुळला, त्यातही ‘टाइम’चा मोठा वाटा आहे. हॅडन १९२९ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेला, पण शैली राहिली. आणि विशेषण हे मत पोचवण्याचे सर्वांत सोयीचे वाहन असते. अग्रलेखात एखाद्याला नालायक म्हटले तर वाचक पुरावा मागतो. बातमीत त्याच माणसाला ‘लटपटत्या गुडघ्यांचा’ म्हटले तर वाचक पुरावा मागत नाही. तो फक्त हसतो आणि त्याचे मत बनलेले असते.

लेखावर लिहिणाऱ्याचे नाव नसे, आणि ते विसरून राहिलेले नव्हते. वार्ताहर पाठवणार, संशोधक तपासणार, लेखक लिहिणार, ज्येष्ठ संपादक बदलणार, कार्यकारी संपादक पुन्हा बदलणार. या पद्धतीला तिथे ‘सामूहिक पत्रकारिता’ म्हणत. तिचे समर्थन आजही ऐकू येते आणि ते विचारात घेण्यासारखे आहे. एवढे हात फिरल्यामुळे मजकूर वाचनीय होई, एकट्या वार्ताहराच्या लहरीला आळा बसे, आणि तपासणी तर विलक्षण काटेकोर होती. संशोधक हस्तलिखितातल्या प्रत्येक शब्दाची खातरजमा करून त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने ठिपका देत. नावाचे स्पेलिंग, पद, वय, तारीख, अंतर, सगळ्यांवर ठिपका. आजच्या घाईत अशी शिस्त स्वप्नवत वाटावी. पण ठिपका शब्दावर पडतो, वाक्याच्या रोखावर पडत नाही. ‘शेरॉन’वर ठिपका देता येतो, ‘सूड’वर देता येतो. ‘भावना निर्माण केली’च्या जागी ‘चर्चा केली’ बसवल्यावर प्रत्येक शब्द शुद्धलेखनाने बरोबर असतो आणि विधान मात्र दुसरेच झालेले असते. शिवाय ठिपके देणाऱ्यांच्या हाती अधिकार काय होता? अनेक दशके तपासणाऱ्या बहुतेक स्त्रिया आणि लिहिणारे बहुतेक पुरुष, अशी वाटणी होती. हीच वाटणी ‘न्यूजवीक’ या दुसऱ्या अमेरिकी वृत्तसाप्ताहिकातही होती, आणि तिच्याविरुद्ध मार्च १९७० मध्ये तिथल्या ४६ स्त्रियांनी रीतसर तक्रार दाखल केली. ज्यांनी तथ्य पाहिले त्यांना लिहिण्याचा हक्क नव्हता आणि ज्यांना तो होता त्यांनी घटना पाहिलेली नव्हती.

या यंत्रणेचा कस दोन युद्धांत लागला. पहिले चीनमध्ये. ल्यूस यांचा जन्मच चीनमधला, १८९८ सालचा, प्रेस्बिटेरियन मिशनरी आईवडिलांच्या पोटी. चीनवर त्यांचे मनापासून प्रेम होते आणि त्या प्रेमाची सारी आशा तिथले सत्ताधीश च्यांग कै-शेक यांच्यावर खिळली होती. १९३७ चे ‘वर्षातील दांपत्य’ म्हणून ‘टाइम’ने च्यांग आणि त्यांच्या पत्नी सुंग मेइ-लिंग यांची निवड केली होती. चुंगकिंगहून ‘टाइम’साठी लिहीत होते थिओडोर व्हाइट, तरुण आणि ल्यूस यांचे लाडके. १९४३ मध्ये व्हाइट हनान प्रांतातल्या दुष्काळात फिरले. लोक उपाशी मरत होते आणि धान्याचा कर मात्र वसूल होत होता. त्यांचा वृत्तांत ‘टाइम’ने छापला. त्यावेळी अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेल्या मादाम च्यांग यांनी या वार्ताहराला काढून टाका असा आग्रह धरला, तेव्हा ल्यूस यांनी नकार दिला, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. पण १९४४ च्या शरद ऋतूत च्यांग यांच्या हट्टाखातर अमेरिकी सेनानी जोसेफ स्टिलवेल यांना परत बोलावले गेले, तेव्हा चित्र बदलले. च्यांग यांची राजवट आतून पोखरली आहे, असे व्हाइट कळवत होते. न्यूयॉर्कमध्ये परराष्ट्र विभागाचे संपादक होते व्हिटकर चेंबर्स. एके काळी ते कम्युनिस्ट हेरगिरीत होते, आता कट्टर कम्युनिस्टविरोधक. त्यांच्या हातून जी मुखपृष्ठकथा निघाली, तिचा सूर व्हाइट यांच्या टिपणाच्या नेमका उलट होता. आपण लिहितो आणि ‘टाइम’ छापते यांत साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा, अशा अर्थाची पाटीच व्हाइट यांनी आपल्या कचेरीत लावली. १९४६ मध्ये दोघांची वाट वेगळी झाली. त्यानंतर तीन वर्षांनी च्यांग यांची राजवट कोसळली. चीनविषयी असंख्य अमेरिकी वाचकांना त्यातल्या त्यात जास्त माहिती या साप्ताहिकातूनच मिळत होती. जो धक्का त्यांना तेव्हा बसला, त्याची पूर्वसूचना त्यांच्याच साप्ताहिकाच्या वार्ताहराने देऊन ठेवली होती.

दुसरा प्रसंग व्हिएतनामचा. सप्टेंबर १९६३ मध्ये सैगॉनहून चार्ल्स मोर यांनी सहकारी मर्ट पेरी यांच्यासह वृत्तांत पाठवला. व्हिएतनाममधले युद्ध आपण हरत चाललो आहोत, ही त्याची सुरुवात. कार्यकारी संपादक होते ऑटो फ्यूअरब्रिंगर. सुरुवात गेली, आशय गेला आणि परिस्थिती सुधारत असल्याचा सूर आला. एवढ्यावर थांबले असते तर ते नेहमीचे झाले असते. पण लगेच ‘टाइम’ने वृत्तपत्रविषयक सदरात सैगॉनच्या अमेरिकी वार्ताहरांवरच झोड उठवली. ही मंडळी एकमेकांच्या संगतीत निराशा पसरवतात आणि गोंधळ वाढवतात, असा आरोप झाला. त्या वार्ताहरांत आपलाही माणूस बसतो, हे त्या पानावर कुठेच नव्हते. मोर आणि पेरी यांनी राजीनामे दिले. दोन महिन्यांच्या आत दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दियेम यांची सैगॉनमधली राजवट लष्करी बंडात उलथली. मोर यांचे निदान बरोबर ठरले की चुकीचे, हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. संपादकाला वार्ताहराशी असहमत होण्याचा पूर्ण अधिकार आहे. वार्ताहर असे सांगतो आणि आम्हाला ते पटत नाही, असे त्याने छापले असते तर वाचकाला दोन्ही बाजू मिळाल्या असत्या. ‘टाइम’ने साक्षीदाराची साक्ष त्याच्याच तोंडून बदलून वदवली. कोणत्याही न्यायालयात याला जे नाव आहे, तेच पत्रकारितेतही असायला हवे.

याच्या उलट बाजूची दोन उदाहरणे पाहिली की मुद्दा स्पष्ट होतो. फेब्रुवारी १९४१ मध्ये ल्यूस यांनी ‘लाइफ’ या आपल्याच चित्रसाप्ताहिकात स्वतःच्या सहीने एक दीर्घ लेख लिहिला. विसावे शतक हे अमेरिकेचे शतक आहे आणि जगाचे नेतृत्व अमेरिकेने निःशंकपणे हाती घ्यावे, हे त्याचे सार. विचार वादग्रस्त होता, काहींना साम्राज्यवादी वाटला. पण त्याखाली नाव होते, म्हणून त्याला उत्तर देता आले. पुढच्या वर्षी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांनी गाजलेल्या भाषणात हे शतक सामान्य माणसाचे असेल असे प्रतिपादन केले आणि त्या देशात एक निकोप वाद झडला. दुसरे उदाहरण नोव्हेंबर १९७३ चे. वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी राजीनामा द्यावा, असा संपादकीय लेख ‘टाइम’ने लिहिला. पन्नास वर्षांतला हा आपला पहिला अग्रलेख, असे साप्ताहिकाने त्यावेळी सांगितले. त्या विधानात अभिमान होता. मला त्यात एका मोठ्या उणिवेची कबुली दिसते. पन्नास वर्षे अग्रलेखाची गरज भासली नाही, कारण अग्रलेखाचे काम बातम्या करत होत्या. १९५२ मध्ये ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या बाजूने ‘टाइम’चा कल इतका उघड होता की तो साऱ्या अमेरिकेत चर्चेचा विषय झाला. निवडून आल्यावर आयझेनहॉवर यांनी ल्यूस यांच्या पत्नी क्लेअर बूथ ल्यूस यांना इटलीत राजदूत नेमले. ‘आम्ही आयझेनहॉवर यांना पाठिंबा देतो’ असा एक अग्रलेख लिहिला असता तर कोणाची हरकत होती?

आता आक्षेप. या साप्ताहिकाने चांगलेही केले नाही का? जरूर केले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा दरारा चढत होता, तेव्हा ऑक्टोबर १९५१ मध्येच ‘टाइम’ने मुखपृष्ठावर त्यांना चिथावणीखोर पुढारी म्हटले. १९३८ चा ‘वर्षातील माणूस’ म्हणून हिटलरची निवड केली, ती गौरवासाठी नव्हे. जर्मनीतून निसटलेल्या चित्रकार रुडॉल्फ फॉन रिपर याने काढलेल्या त्या मुखपृष्ठावर हिटलर पाठमोरा, इवलासा, द्वेषाचे वाद्य वाजवत बसलेला आहे आणि वर एका चाकाला माणसांची प्रेते लटकत आहेत. आणि १९३० चा ‘वर्षातील माणूस’ म्हणून गांधीजी निवडले गेले. जानेवारी १९३१ मध्ये तो अंक निघाला तेव्हा गांधीजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. मिठाच्या सत्याग्रहाची कथा अमेरिकेच्या घराघरांत नेणाऱ्यांत ‘टाइम’ होते, हे आपण विसरू नये. पण या चांगुलपणाने पद्धत निर्दोष ठरत नाही. तो एकमुखी आवाज ज्या दिवशी मालकाच्या सद्बुद्धीच्या बाजूला असे, त्या दिवशी परिणाम उत्तम येत. ज्या दिवशी तो त्याच्या हट्टाच्या बाजूला जाई, त्या दिवशी चुंगकिंग आणि सैगॉन होत. वाचकापाशी हे दोन दिवस वेगळे ओळखण्याचे साधन नव्हते. चांगला निकाल देणारा न्यायाधीशसुद्धा पुरावा दडवून निकाल देऊ लागला तर आपण त्याच्या निकालावर नाही, पद्धतीवर बोट ठेवतो.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. तटस्थता अशक्यच असेल तर सगळेच पक्षपाती, मग एकट्या ‘टाइम’ला का धरायचे? मराठी वाचकाच्या ओठी तर ‘केसरी’चे नाव येईल. तेही १८८१ मध्ये साप्ताहिक म्हणूनच निघाले, त्याचे मत निखाऱ्यासारखे प्रखर होते आणि त्यातल्या अग्रलेखांखालीही नाव नसे. हे खरे आहे, आणि म्हणूनच फरक स्पष्ट करायला ‘केसरी’ उपयोगी पडतो. अग्रलेख अग्रलेखाच्या जागी होता. तो वाचणाऱ्याला आपण मत वाचत आहोत याची जाणीव होती. आणि नाव छापलेले नसले तरी जबाबदारी कोणाची हे साऱ्या देशाला ठाऊक होते, कारण त्या मजकुरासाठी लोकमान्य टिळक १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि मंडालेची सहा वर्षे त्यांनी स्वतः भोगली. म्हणजे प्रश्न सहीचा नाही, उत्तरदायित्वाचा आहे. मत उघडे असले आणि त्याचा धनी ठाऊक असला की पक्षपात वाचकाला सोसतो, त्याच्याशी भांडता येते. बातमीच्या अंगात भिनवलेल्या मताशी भांडता येत नाही, कारण ते मत आहे हेच कळत नाही.

कळते कधी? वर सांगितलेले प्रसंग पुन्हा एकदा शेजारी ठेवून पाहा. शेरॉन प्रकरणात मूळ टिपणी बाहेर आली ती न्यायालयामुळे. चीनच्या बाबतीत सत्य आले ते व्हाइट बाहेर पडून पुस्तक लिहू शकले म्हणून. व्हिएतनामच्या बाबतीत मोर यांनी नोकरी सोडली म्हणून. चौथा प्रसंग तर डोळ्यांनी पाहण्यासारखा होता. जून १९९४ मध्ये अमेरिकन फुटबॉलचे माजी खेळाडू ओ. जे. सिम्पसन यांच्यावर खुनाचा आरोप आला. पोलिसांनी काढलेले त्यांचे एकच छायाचित्र त्या आठवड्यात ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोघांनीही मुखपृष्ठावर छापले. ‘न्यूजवीक’ने जसेच्या तसे छापले. ‘टाइम’ने चित्रकाराकरवी ते काळवंडून घेतले. कृष्णवर्णीय माणसाचा चेहरा आणखी काळा, भोवती अंधार, दाढीचे खुंट ठळक. रस्त्यावरच्या स्टॉलवर दोन्ही अंक शेजारी लटकत होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला फरक दिसत होता. निषेध उसळला, संपादकांना खुलासा करावा लागला. स्टॉलवर एकटे ‘टाइम’च असते तर तो चेहरा तसाच आहे असे लाखो लोकांनी धरून चालले असते. चारही प्रसंगांत वाचकाला सत्य कळले ते अंकाच्या बाहेरून. अंकाच्या आत ते कळण्याची सोयच ठेवलेली नव्हती. माझ्या मते या साप्ताहिकाच्या शंभर वर्षांतला सर्वांत मोठा धडा हाच आहे.

तिसरा आक्षेप काळाचा. ल्यूस १९६७ मध्ये गेले. अमेरिकेत एके काळी चाळीस लाखांहून अधिक खप असलेले हे साप्ताहिक एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत २०१८ मध्ये १९ कोटी डॉलरला मार्क आणि लिन बेनिऑफ या दांपत्याकडे आले. छापील अंक आता दर आठवड्याला निघतही नाही. लेखांवर नावे असतात. मग जुने उकरून काय मिळवायचे? खरे तर बदल चांगल्या दिशेने झाला आहे आणि तो आपण वाचक म्हणून अजून पचवलेला नाही. मे २०१९ मध्ये लोकसभा निवडणूक चालू असताना ‘टाइम’च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर नरेंद्र मोदी फूट पाडणारे नेते म्हणून झळकले. तो आतिश तासीर यांचा सहीचा लेख होता. त्याच अंकात इयन ब्रेमर यांचा, आर्थिक सुधारणांसाठी मोदी हीच भारताची आशा आहे, असे सांगणारा लेखही होता. निकालानंतर मोदींनी देश एकत्र आणल्याचे म्हणणारा तिसरा लेख त्यांच्याच संकेतस्थळावर आला. आपल्याकडे मात्र प्रत्येक वेळी बातमी झाली ती ‘टाइम म्हणते’ अशी. एका बाजूने प्रमाणपत्र म्हणून मिरवले, दुसऱ्या बाजूने कारस्थान म्हणून धिक्कारले. २०१२ मध्ये मनमोहन सिंग यांना अपेक्षेला न उतरलेले म्हटले तेव्हाही हेच झाले. लेखकाचे नाव वाचून त्याचा युक्तिवाद तपासण्याऐवजी आपण अजून लाल चौकटीलाच बोलता पुरुष समजतो. एकमुखी आवाज न्यूयॉर्कमध्ये विरला, आपल्या कानांत तो अजून घुमतो आहे.

आणि तो नव्या रूपाने परत येतो आहे. इतरांनी गोळा केलेल्या बातम्या घ्यायच्या, त्यांचा सारांश करायचा, तो आत्मविश्वासाने, गुळगुळीत भाषेत आणि निनावी सादर करायचा, हे १९२३ मध्ये दोन तरुणांनी कात्रणांवर केले. आज तेच मोबाइलवरची संगणकीय सारांश-यंत्रे क्षणात करतात. जून २०२४ मध्ये ‘टाइम’ने ओपनएआय या कंपनीशी करार करून आपला शंभर वर्षांचा मजकूर तिला उपलब्ध करून दिला, हा इतिहासाचा पूर्ण झालेला फेरा आहे. यंत्राला ल्यूस यांच्यासारखा हट्ट नसेल. पण ‘भावना निर्माण केली’चे ‘चर्चा केली’ व्हायला हट्ट लागत नाही. सारांश करणाऱ्याला सुटसुटीत क्रियापद हवे असले तरी पुरते. शेरॉन प्रकरणात निदान मूळ टिपणी एका कपाटात होती आणि न्यायालयाला ती मागवता आली. दिवसाला असंख्य वेळा होणाऱ्या अशा फेरांसाठी कोणते न्यायालय बसणार?

म्हणून अपेक्षा निष्पक्षपणाची नको, ती कोणालाच पुरी करता येत नाही. अपेक्षा साध्या ठेवाव्यात आणि त्यांच्याबाबत हटून बसावे. बातमी कोणी पाहिली, त्याचे नाव आणि गाव वर असावे. संपादकाने भर घातली असेल तर ती वेगळी दिसावी, आणि पटले नसेल तर तसे त्याने स्वतःच्या नावाने लिहावे. सारांशाखाली मूळ मजकुराची वाट असावी. चूक झाली तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे यावी. यातले काहीही खर्चाचे नाही आणि मराठी वृत्तपत्रांना आजपासून करता येण्यासारखे आहे. वाचकाच्या बाजूने काम एवढेच, की ‘अमुक साप्ताहिक म्हणते’ या वाक्यापाशी थांबून ‘त्यातले कोण म्हणते, आणि त्याने ते पाहिले होते का’ एवढे विचारायचे. सैगॉनहून निघालेला वृत्तांत आणि न्यूयॉर्कला छापलेला वृत्तांत एकाच पानावर शेजारी असते, तर १९६३ सालच्या वाचकाने आपला निर्णय आपण केला असता. तेवढा विश्वास त्याच्यावर टाकायला हवा होता.